गांडुळांना रजा

२ एप्रिल, रविवार. दुपारी दोन.
तळ्यावर अनर्थ. साडूने दीड किलोचा बास काढला. बास म्हणजे आमच्या तळ्यातला सगळ्यांत मानाचा मासा, आडदांड, मोठ्या जबड्याचा. अकरा वर्षांत मीही असे पुष्कळ काढले असते, पण वारा नेहमी उलटा. साडूची बदली होऊन तो या गावात आला त्याला उणापुरा महिना झालाय. आणि काढला कशावर? प्लॅस्टिकच्या ल्यूरवर! म्हणजे खऱ्या माशाला खोटा मासा दाखवायचा. मेहुणीलाही लग्नाआधी असंच काहीतरी दाखवलं असणार.
त्याचा सामानाचा डबा तीन मजली आहे. उघडला की मजले आपोआप बाहेर येतात. माझा डबा आइस्क्रीमचा. झाकणाला भोकं, आत माती आणि गांडुळं.
मत्सर वगैरे अजिबात नाही. फक्त जेवण गेलं नाही. बायको म्हणते, दोनदा वाढून घेतलंत. ते वेगळं.

३ एप्रिल, सोमवार. कामावर, चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना.
परिस्थिती मांडून ठेवतो. सासऱ्यांची बोट दोन माणसांची. दर रविवारी दुसरी जागा माझी. थोरला जावई. बोटीत बसलो की ते स्वतःचा गळ माझ्यापुढे करतात आणि म्हणतात, जावईबापू, तुम्हीच लावा गांडूळ, तुमच्या हाताला यश आहे. मग मी दोघांच्याही गळांना लावतो. याला म्हणतात मान.
पण काल साडूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कमाल केलीस." केलीस! मला अकरा वर्षं अहो-जाहो, याला महिन्याभरात अरे-तुरे. हे लक्षण बरं नाही. आज 'केलीस', उद्या 'ये, बस बोटीत'.
निश्चय: गांडुळं कायमची बंद. फक्त ल्यूर. साडूच्या दुप्पट.

५ एप्रिल, बुधवार.
खरेदी झाली. पाण्यावर टुबुकटुबुक करणारे दोन. पितळी चमचे चार, म्हणजे चमच्याच्या आकाराचे ल्यूर (साडूही चमचे वापरतो, स्वभावाला धरून आहे). आणि रबरी गांडुळं, जांभळी, दोन डझन. बायको म्हणाली, अहो, खरी तर बागेत फुकट मिळत होती. तिला शास्त्र समजावलं. ती 'हो का' म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.
खरी गांडुळं तिच्या कुंड्यांत सोडली. अकरा वर्षांची सेवा. रजा मंजूर.

८ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी.
सासऱ्यांचा फोन. गांडुळं आणताय ना? म्हटलं, बाबा, तो जमाना गेला, मी आता ल्यूरवाला. पलीकडून दोनदा 'काय?' आलं. थक्क झाले असणार. मग म्हणाले, मग माझं कसं? म्हटलं, तुम्हालाही देतो की एक. म्हणाले, बघू.

९ एप्रिल, रविवार.
त्यांना टुबुकवाला दिला. दोनदा फेकला आणि रॉड खाली ठेवला. म्हणाले, पाठ धरलीय. उरलेली सकाळ नुसते पाण्याकडे बघत बसले. मी एकशे चाळीस वेळा फेकला. मिळकत: शेवाळ, बोटीचा दोर, माझीच टोपी. तंत्र बसतंय.
परत आल्यावर त्यांच्याकडे चहा. त्यांनी कप अर्धाच भरून घेतला, तरी बशीत सांडला. मी बजावलं, या वयात चहा कमी करा. बरं म्हणाले.

११ एप्रिल, मंगळवार. जेवणाच्या सुट्टीत.
दुकानात नेमाचा सराव. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता भिंतीवर आहेच. पंधरा फुटांवरून सगळ्यांत वरचं मोठं अक्षर गाठायचं, मग एकेक ओळ खाली. पहिल्या फेकीत मालकीणबाईंचा स्कार्फ गाठला. स्कार्फ त्यांच्या गळ्यात होता. यापुढे सराव घरी.

१५ एप्रिल, शनिवार.
सासऱ्यांचा फोन. उद्या बोटीत धाकट्याला नेतो म्हणाले, त्याला जरा शिकायचंय.
शिकायचंय! तीन मजली डबेवाल्याला! मी काय दूधखुळा आहे? सरळ सांगा ना, तुम्हाला चांगला ल्यूरवाला हवाय. गरज सरो, वैद्य मरो. बायकोला म्हटलं, तुझे वडील माणसं ओळखत नाहीत. ती म्हणाली, माझे वडील फार कमी बोलतात एवढंच. याचा इथे काय संबंध?

१६ एप्रिल, रविवार.
काठावरून. बोट लांब. दोन डोकी एकमेकांजवळ. सारखी कुजबुज, मध्येच हसणं. माझ्या जागेवर, माझ्या उशीवर साडू. आयत्या बिळावर नागोबा. मासे शून्य, कारण डोळ्यांत पाणी. उन्हाने.

२३ एप्रिल, रविवार.
आज तत्त्व म्हणून गेलो नाही. चार मजली डबा आणला. उघडताना चौथा मजला अंगठ्यावर येतो. सासऱ्यांनी एकदा बघितला की विषय संपला.

३० एप्रिल, रविवार. दुपारी.
दुकानातून दुर्बीण घेऊन गेलो. विक्रीची आहे, तपासून बघणं माझं कामच आहे. साडू कोणता ल्यूर लावतो ते कळायला हवं होतं.
तीन मजली डबा बोटीत नव्हताच. साडूच्या मांडीवर एक आइस्क्रीमचा डबा. सासऱ्यांनी गळ पुढे केला. हात इतका थरथरत होता की आधी वाटलं, माझीच दुर्बीण हलतेय. साडूने तोंड एका बाजूला फिरवलं, डोळे मिटले आणि गांडूळ लावलं.
बोट काठाला लागल्यावर साडू माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "दादा, तुम्ही परत या ना. मला त्या गांडुळांनी मळमळतं. पण बाबांना दोन वर्षं स्वतःचा गळ लावता येत नाहीये. कुणाला सांगतही नाहीत." गांडुळं कुठून आणतोस विचारलं, तर ताई कुंड्यांतून काढून देते म्हणे. ताई म्हणजे माझी बायको.
घरी येऊन तिच्याशी बोललो नाही. ती आपणहून म्हणाली, तुम्हाला दोनदा सांगायला आले होते, तुम्ही ल्यूरना नावं देत बसला होतात.
दोन वर्षं. दर रविवारी माझ्या नाकासमोर.

६ मे, शनिवार.
पहाटेच बाग खणली. डबा गच्च भरला, एकेक गांडूळ करंगळीएवढं. थेट सासऱ्यांकडे. साडूची सुटका, बाबांची सोय, माझी जागा मला. सगळ्यांच्याच भल्याचं.
त्यांनी झाकण उघडून बघितलं. खूश झाले. म्हणाले, बरं झालं आणलीत, धाकट्याला खणायला वेळ मिळत नाही. म्हटलं, उद्या मी येतो की लावायला. आता मला सगळं माहीत आहे.
त्यांनी झाकण परत लावलं. मग म्हणाले, "नको, जावईबापू. तुमच्याकडे मला दर वेळी काहीतरी कौतुक करून मागावं लागायचं. तो न मागता लावतो."
डबा ठेवून घेतला. मी चहा न घेता निघालो. कामं होती.

७ मे, रविवार. सकाळी साडेआठ.
काठावर. जांभळं रबरी गांडूळ. तिसऱ्याच फेकीला रॉड वाकला. बास. वजनकाट्यावर दोन किलो शंभर ग्रॅम. साडूपेक्षा सहाशे ग्रॅम जास्त. अकरा वर्षांतला पहिला.
दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि बोटीच्या दिशेने उभा राहिलो. हाक मारली नाही, आपणहून बघतील म्हणून.
ते दोघं खाली मान घालून गळाला काहीतरी लावत होते. मासा जड होता. हात दुखायला लागले तेव्हा पाण्यात सोडून दिला.