हवाच आहे, दुसरं काही नाही

४ फेब्रुवारी

आज परत ओकली! शर्यतवाल्याची गाडी. चढ संपता संपता रेडिएटरशेजारची बाटली भरून वाहिली आणि इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट बॉनेटखालून धो धो रस्त्यावर. तापमानाचा काटा लाल रेषेला टेकायच्या आत मी इंजिन बंद केलं.

बाबांनी गॅरेजच्या दारातूनच निदान केलं. "हवा अडकलीय. दुसरं काही नाही."

पटण्यासारखं आहे म्हणा. छोट्या गाडीत मोठं इंजिन बसवलंय, वर टर्बो. रेडिएटर खाली राहिला, इंजिनचं डोकं वर — हवा तिथेच जाऊन बसणार. उद्या काढू.

५ फेब्रुवारी

गाडीचं नाक रॅम्पवर चढवलं. हीटर पूर्ण उघडा, टोपण काढून वरून थोडं थोडं कूलंट, आणि मी पाइप दाबत बसले. हीटरमधून गरम झोत आला तेव्हा जिवात जीव आला. म्हणजे अडकलेली हवा गेली. लगेच चढावर नेली.

ओकली!

शर्यतवाला येऊन गेला. "ताई, पुढच्या रविवारी डोंगर चढायचाय. बायको शेजारी बसणारे, नकाशा घेऊन. मधेच बंद पडली तर घटस्फोटच!" तो हसला. मला नाही हसू आलं. उतारावर पुढच्या काचेवर वाफ आली तर काय होतं, ते मी पाहिलंय.

७ फेब्रुवारी

बुडबुडे थांबतच नाहीत. थंड इंजिन सुरू केल्याकेल्या पाइप दगडासारखा घट्ट. अडकलेली हवा एकदा निघाली की संपते. ही संपत नाही, म्हणजे नवीन येतेय. आणि नवीन यायला जागा एकच — सिलिंडरमधून, हेड आणि खालचं इंजिन यांच्यात दाबून बसवलेल्या पातळ गॅस्केटमधून.

पण या इंजिनाचं हेड बाबांनी स्वतः बसवलंय.

विषय काढून पाहिला. "बाबा, हेड एकदा..."

"खुणा बघितल्यास ना?"

संपलं. खुणा मी बघितल्यात. हेडचा एकेक बोल्ट शेवटचा आवळून झाला की बाबा त्यावर लाल ठिपका देतात, आईच्या नेलपॉलिशचा. माझ्या जन्माच्या आधीपासून. आई अजून कुरकुरते, "माझ्या नखांपेक्षा तुमच्या बोल्टांनाच जास्त लागलं." ठिपका म्हणजे बाबांचा शब्द. ठिपका दिलेल्या बोल्टला आमच्याकडे कुणी पुन्हा पाना लावत नाही. मीही कधी लावला नाही.

८ फेब्रुवारी

भांडी विसळताना आई हळूच म्हणाली, "आज दोनदा आंघोळ केली गं त्यांनी. पहिली केल्याचं आठवतच नव्हतं."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि पुसत राहिले.

९ फेब्रुवारी

बाबा जेवायला गेल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी तपासणीचं निळं पाणी धरलं. बघता बघता पिवळं झालं. सिलिंडरमधला धूरच येतोय कूलंटमध्ये. आता स्वतःची समजूत घालण्यात अर्थ नाही.

आईला म्हटलं, बाबांना दोन दिवस मामाकडे घेऊन जा. का, ते तिने विचारलं नाही. बॅग भरायलाच लागली.

१० फेब्रुवारी

इंजिनचं वरचं झाकण काढलं. सगळ्या बोल्टांवर ठिपके, एकसारखे, सुबक. चोरी करायला निघाल्यासारखं दार आतून लावून घेतलं. टॉर्क रेंच लावला; बोल्ट पुरेसा आवळलेला असला की तो 'कट' वाजतो. पहिल्या बोल्टला 'कट' आवाज. दुसऱ्याला कट. असं मागेपर्यंत. आणि मागच्या दोघांना आवाजच नाही! रेंच लोण्यात फिरावा तसा फिरला. वर ठिपके मात्र ताजे, लालभडक.

आवळता आवळता बाबांना फोन आला असेल, कुणी हाक मारली असेल. परत येऊन ते बोल्ट आवळल्याचं धरून चालले आणि ब्रश उचलला. एवढंच. पण बाबांच्या हातून? जमिनीवर बसले आणि रडले. गाडीसाठी नाही.

मग उठून हेड उतरवलं. गॅस्केट त्याच कोपऱ्यात जळालं होतं.

११ फेब्रुवारी

हेड सपाट निघालं, वाकलेलं नाही. नवं गॅस्केट, नवे बोल्ट. एकेक आवळला, पुन्हा तपासला, ठिपका दिला. माझा पहिलाच ठिपका, ओघळला! परत रॅम्प, परत हीटर. चढावर दोन फेऱ्या. बाटलीत एक बुडबुडा नाही.

जुनं गॅस्केट भंगाराच्या पिंपात तळाशी कोंबलं.

१२ फेब्रुवारी

बाबा आले ते चप्पल न काढता थेट गॅरेजमध्ये. बाटलीवर टॉर्च मारून कितीतरी वेळ बघत राहिले.

"हवाच होती, बाबा," मी म्हटलं.

"म्हटलं नव्हतं?" म्हणाले. माझ्याकडे न बघता.

शर्यतवाला गाडी घेऊन गेला. खोटं बोलले त्याचं वाईट वाटत नाहीये. बाबा जेवले तरी नीट.

१३ फेब्रुवारी

सकाळी माझ्या टूलबॉक्समध्ये नेलपॉलिशची बाटली.

बाबा पायरीवर पेपर वाचत होते, पायाशी भंगाराच्या पिंपातलं जुनं गॅस्केट. मान वर न करता म्हणाले, "हवा काढायला गॅस्केट बदलावं लागत नाही, बाळा." मग पेपरची घडी घालून, "किती ठिपके खोटे निघाले?"

"दोन."

"मला वाटलं होतं, जास्त असतील. रोज उघडून बघायचं ठरवत होतो. धीरच झाला नाही."