पंखा फिरत होता

२८ ऑक्टोबर २००६, शनिवार

पुन्हा तापली व्हॅन! बाभुळगाव दिसायला लागलं आणि काटा लाल रेषेवर. बाबांच्या आधी आईच ओरडली — "अवं थांबवा, काटा वर गेला!" व्हॅनमध्ये बसून बसून आईसुद्धा अर्धी ड्रायव्हर झाली आहे. प्रवासी उतरले, बाभळीच्या सावलीत थोडे रेंगाळले आणि मागून आलेल्या जीपमध्ये बसून निघून गेले. जाणारच. कोण थांबतं?

आणि ही तऱ्हा बघा — गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं की काटा खाली येतो. पळवली की चढतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आलो तेव्हा ठणठणीत होती. परतल्यावर पंख्याची मोटर जळाली, बाबांनी भंगारातून दुसरी आणून स्वतः बसवली. तेव्हापासून रेडिएटर उकळतोय. पण पंखा तर फिरतो!

१३ तारखेला शाळा उघडते. गावातली पोरं बाभुळगावला नेण्याचं काम विमलताईंनी आम्हाला दिलंय — त्या तिथल्या मुख्याध्यापिका. "देवरावजी, पोरं तुमच्या भरवशावर!" बाबांना म्हणाल्या. तोवर गाडी नीट झाली नाही तर हे कामही जाईल. यंदा बाकी काय आहे? घरोघरी कापूस पडून, खरेदी केंद्र उघडायचं नाव नाही, बाजाराला जायची हौस कोणाला? लग्नाच्या वऱ्हाडापेक्षा दवाखान्याच्याच फेऱ्या जास्त. त्यातला एखादा माणूस परत येत नाही.

३१ ऑक्टोबर

हिरासिंग मिस्त्रीकडे नेली. त्यानं रेडिएटर धुतला, पाण्याच्या वाटेतला थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून फेकला — आमच्याकडच्या उन्हात सगळे तेच करतात. मी म्हटलं, पंख्याचं बघता का? "फिरून राह्यला ना तो! आनखी काय पाह्यजे त्याले?"

२ नोव्हेंबर

आजही तापली.

५ नोव्हेंबर, रविवार

बाबांशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, वायरिंग मी बघते. आयटीआयला वायरमनचा कोर्स काय झक मारायला केला? तर म्हणाले, "गाडीले हात लावू नोको." बस्स. जूनमध्ये स्वतःच मागे लागून मला लायसन्स काढायला लावलं आणि आता स्टिअरिंगलाही हात लावू देत नाहीत! इतके चिडके नव्हते पूर्वी.

आईचंही काही कळत नाही. उन्हाळ्यापासून प्रत्येक फेरीला जाते. घरातलं काम टाकून, आणि बसते पुढेच. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यात हे तापणं — मांड्या लाल झाल्यात तिच्या. मागे बस म्हटलं तर — "मले पुढंच बरं वाटते." आणि वाटभर बाबांच्या कानाशी पुटपुट, पुटपुट. बाबा पितात असा तिला संशय आहे की काय? वास तर कधी आला नाही. पण बायको उगीच नवऱ्यावर असा पहारा ठेवत नाही. विचारायची भीती वाटते मला.

९ नोव्हेंबर

सापडलं!! सापडलं!!

शेजारच्या वामनरावांचा कापूस त्यांच्या ओसरीत मावेना म्हणून थोडा आमच्या पडवीत टाकलाय. बाबा झोपले होते. मी व्हॅन पडवीसमोर उभी करून इंजिन चालू ठेवलं. पंखा लागला आणि समोर उडत आलेला कापसाचा पुंजका रेडिएटरच्या जाळीला चिकटायचा तर चक्क उलटा लांब उडाला. मी मूठभर कापूस घेतला, जाळीसमोर सोडला. पुन्हा उलटा, माझ्याच तोंडावर!

म्हणजे पंखा उलटा फिरतोय. पुढची हवा आत ओढायची तर आतली गरम हवा बाहेर ढकलतोय. उभ्या गाडीत कसंबसं भागतं. पळायला लागली की समोरचा वारा आणि पंखा, दोघांची झोंबाझोंबी — हवा जागच्या जागी. वाकून पाहिलं. मोटरची लाल वायर काळीला जोडलेली, काळी लालला. अदलाबदल केली. कापूस जाळीला चिकटून बसला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

१० नोव्हेंबर

बाबांना दाखवलं. वाटलं, पाठ थोपटतील. ते कितीतरी वेळ दोन्ही वायरी बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "सावलीत जोडलं, दिसलं नसन." लाल आणि काळं! इतकी वर्षं स्वतःच्या गाडीचं वायरिंग स्वतः करणारा माणूस. मी हसले. आई हसली नाही, उठून आत गेली.

गाडी आता तापत नाही. मग मला झोप का लागत नाही?

१२ नोव्हेंबर, रविवार

उद्या पोरं, म्हणून आज रिकामी व्हॅन यवतमाळपर्यंत पळवून बघायची ठरलं. बाबा, शेजारी आई, आणि मी अगदी त्यांच्या मागे. एरवी गर्दीत मी शेवटी कोंबलेली असते. आज प्रवासी नाहीत, गोंगाट नाही. काटा मधोमध, जागचा हलत नाही. मी खुशीत होते.

आईची पुटपुट सुरू झाली. आज पहिल्यांदा शब्द ऐकू आले.

"डावीकडून बैलबंडी... आता खड्डा, उजवीकडं घ्या... मानूस उभा हाय... समोरून टरक, थांबा... गेला. चाला."

आणि बाबा नुसतं — "हं." "हं."

मी ओरडले, गाडी थांबवा! थांबवली. आई समोर बघतच बोलली — "धुकं धुकं दिसते त्याईले. थंडीत डोळ्याचं शिबिर लागते, तवर निभवू म्हनलं. तुह्या नोकरीचंही ठरलं नोयतं." आणि मी बाबांवर काय काय संशय घेतला! या माणसाच्या भरवशावर उद्या गावची पोरं बसणार होती. इतका राग आला, आणि इतकं रडू आलं, की दोन्ही एकदमच आलं.

परत येताना गाडी मी आणली.

१३ नोव्हेंबर, सोमवार

चावी मागायची हिंमत होत नव्हती. बाबा ती हातात घेऊनच अंगणात बसले होते. "लहान्या पोराईले दाराजवळ बसवू नोको," एवढंच म्हणाले.

विमलताईंना खरं ते सगळं सांगितलं. पोरं सुखरूप पोचली. आई सवयीनं पुढेच बसली होती. वळणावर हळूच म्हणाली — "डावीकडून बकऱ्या."

दिसत होत्या मला. तरी म्हटलं — "हं."