जळालेल्या पुस्तकांच्या नोंदी

मी, भीमराज गोविंदा मनवर, वय एकाहत्तर, निवृत्त ग्रंथपाल, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही, उलट "आता कायले ही घाई?" असेच सगळे म्हणतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझी पत्नी इंदूबाई २०१९ साली वारली. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे जे राहील त्याची व्यवस्था अशी व्हावी.

१. गावाकडचे माझ्या वाट्याचे शेत माझा पुतण्या विकास ऊर्फ विक्की बळीराम मनवर यास मिळावे. तो ते आजही कसतो. माझ्याकडून त्याने कधी पुस्तक नेले नाही, पण ओला हरभरा मात्र न चुकता आणून दिला. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

२. दिग्रस येथील राहते घर इंदूबाईच्या शिवणकामातून व माझ्या पगारातून झालेले आहे. ते तिच्या भावाची मुलगी पायल खडसे हिला द्यावे. पायल यवतमाळला सहायक ग्रंथपाल आहे. घरातील शिलाई मशीनही तिचेच. ते तिला चालवता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी ते विकू नये.

३. ग्रंथालयासाठी मी तयार केलेला संगणकाचा प्रोग्राम. याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमच्या महाविद्यालयात १९९१ साली पहिला संगणक आला. संस्थेच्या सचिवांनी तो मखमली आवरण घालून आपल्या दालनात ठेवला. पाहुणे आले की आवरण निघायचे. पुष्कळ विनवण्या केल्यावर तो ग्रंथालयात आला, तेव्हा कळले की त्याला मराठी येत नाही. मी पुस्तके वाचून प्रोग्राम लिहायला शिकलो. प्रत्येक मराठी अक्षराला एक आकडा दिला, म्हणजे क नंतर ख येईल आणि शोधणाऱ्याला पुस्तक सापडेल. पडद्यावर अक्षरे इंग्रजी, भाषा आपली. जिल्ह्यात तोवर असे कोणी केले नव्हते, असे नंतर लोक म्हणू लागले. तेव्हा आम्हाला फक्त काम दिसत होते.

"आम्हाला" म्हणजे मला आणि इंदूबाईला. मला एकाच वेळी कार्ड पाहणे आणि टंकणे जमेना. म्हणून ती संध्याकाळी शिवण आटोपून यायची, कार्डांचा खण मांडीवर घ्यायची आणि वाचायची. लेखक, नाव, विषय, कपाट. सचिवांनी एकदा दारातून विचारले, "बाईचं इथं काय काम?"

ती उठली नाही. म्हणाली, "वाचाचं काम हाये, साहेब. तुमाले जमत असन तर बसा, मी घरी जातो."

ते गेले. आम्ही पुढचे कार्ड घेतले.

वीज सारखी जायची, म्हणून रोजच्या कामाची नक्कल फ्लॉपीवर काढून मी घरी नेत असे. १९९६ च्या उन्हाळ्यात ग्रंथालयाला आग लागली. पुस्तके गेली, कार्डे गेली, दाखल-नोंदवही गेली, संगणकही वितळला. सकाळी आम्ही दोघे त्या काळ्या भिंतींपाशी उभे होतो. इंदूबाईने एक अर्धवट जळालेला पुठ्ठा उचलला, पदराने पुसला आणि पुन्हा खाली ठेवला. कोणते पुस्तक होते ते तिला त्यावरूनही ओळखता आले.

आमच्याकडे एकही पुस्तक नव्हते, पण काय काय होते ते सगळे फ्लॉपीवर होते. मग आम्ही ती पुस्तके परत शोधायला निघालो. माझा मित्र नेमसिंग राठोड याची जीप होती. तो बंजाऱ्यांच्या तांड्यातांड्यावर घेऊन जायचा आणि त्यांच्या गोरबोलीत समजावून सांगायचा. पुसद, महागाव, पार झरी जामणीच्या आश्रमशाळांपर्यंत आम्ही गेलो. लोकांनी पेट्यांतून पुस्तके काढून दिली. कोणी लग्नात आलेले, कोणी वारलेल्या गुरुजींचे. अनेक वर्षे हे चालले आणि बरीच पुस्तके परत आली. गावोगावच्या वाचनालयांनी आमचा प्रोग्राम याच फेऱ्यांत मागून घेतला. फुलसावंगीला तो अजून चालतो.

हा प्रोग्राम कोणत्याही वाचनालयाने फुकट वापरावा, हवा तसा बदलावा. विकू मात्र नये. नाव द्यायचेच असेल तर दोघांचे द्यावे.

४. न सापडलेल्या पुस्तकांच्या नोंदी. महाविद्यालयाने पुढे बाहेरून नवी प्रणाली घेतली आणि या नोंदी काढून टाकल्या. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी भांडायला गेलो. तेच सचिव होते. म्हणाले, "मनवर, जे पुस्तक नाही त्याची नोंद कायले ठेवता?"

मला उत्तर नीट देता आले नाही. आता देतो.

त्या नोंदींत जात्यावरच्या गाण्यांचे एक पातळ पुस्तक आहे. महागाव तालुक्यातल्या एका शिक्षकाने गावोगावच्या बायांकडून ऐकून ते स्वखर्चाने छापले होते. त्यात इंदूबाईच्या आईची, सखूबाईची, चार गाणी होती, नावासकट. सखूबाईचा फोटो नाही. तिचे नाव छापलेले असे ते एकच ठिकाण. इंदूबाईला त्यातले एवढेच आठवत असे:

पीठ पडे पांढरं, पाटी काळी माझ्या घरी,
इंदू लिहिते गं नाव, माय वाचे बोटावरी.

बाकीचे गेले. आम्ही त्या शिक्षकांच्या मुलांना भेटलो, छापखान्याची जागा शोधली, रद्दीवाल्यांना सांगून ठेवले. पुस्तक मिळाले नाही. शेवटच्या आजारपणात नागपूरच्या दवाखान्यात ती ग्लानीतून जागी झाली की विचारायची, "माय सापडली का?" मी म्हणायचो, "शोधून राह्यलो." ती म्हणायची, "मंग ठीक हाये," आणि डोळे मिटायची. अजूनही संध्याकाळी खुर्चीत बसलो की कोणीतरी पलीकडे कार्ड वाचते आहे असे वाटते, आणि माझी बोटे हलतात.

सचिवसाहेब, म्हणून नोंद ठेवायची. नोंद आहे तोवर ते पुस्तक हरवलेले आहे. नोंद पुसली की ते कधी नव्हतेच.

या सर्व नोंदींची माझ्याकडील प्रत पायलने सांभाळावी. महाविद्यालयाने मागितल्यास जरूर द्यावी, पण एकही नोंद न काढण्याचे लेखी घेऊनच.

५. त्या संगणकाचे मखमली आवरण दालनातच राहिल्यामुळे आगीतून वाचले व शिपायाने मला दिले. ते माननीय सचिवांना सप्रेम परत करावे.

६. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावेत. भाषण नेमसिंगने करू नये. तो रडतो.

७. माझा फोन नंबर पायलने आपल्या नावावर करून चालू ठेवावा. जिल्ह्यातून अजून लोक विचारतात, "सर, ते पुस्तक हाये का?" पुस्तक नसेल तर "नाही" एवढेच म्हणून फोन ठेवू नये. कोण बोलते, कोणासाठी हवे, ते विचारावे. समोरचा माणूस सांगत असेल तोवर ऐकावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पायल खडसे हिने करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण: दिग्रस
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२४

सही: भीमराज गोविंदा मनवर

साक्षीदार:
१. नेमसिंग राठोड, दिग्रस (कलम ६ मान्य नाही, तरी सही करतो.)
२. वर्षा भगत, शिक्षिका, दिग्रस