भाच्याला बोलतं करण्याचा महिना

२ जून, सोमवार

लास्मिनी आज सेमारांगला गेली. लेकीचं बाळंतपण. महिनाभर घर, भाताचा ठेला आणि दानांग माझ्या ताब्यात. तिन्ही सुधारायचं ठरवलं आहे.

दानांग तिचा मुलगा. वय एकतीस, डाउन सिंड्रोम. मी आईचा थोरला भाऊ म्हणून मला पाकदे म्हणतो, पण पुढे लगेच 'तू'. पाकदे, तू चहा पी. पाकदे, तू सरक. परवा तहसीलदार ठेल्यावर आले, त्यांनाही तू. थोरामोठ्यांशी आदराच्या बोलीत बोलावं हे सोलोतल्या कोंबड्यांनाही कळतं. लास्मिनी म्हणते, साधं बोलतो, मनातलं सांगतो, तेवढं पुष्कळ. या बाईने आयुष्यभर थोडक्यात समाधान मानलं.

संकल्प: ती परत येईपर्यंत दानांग ती आदराची बोली, म्हणजे दरबारी जावानी, अस्खलित बोलेल. हे काम करू शकणारा माणूस गावात एकच. लग्नांत निवेदन करण्यात माझी हयात गेली. माझ्या आवाजावर अख्खी वऱ्हाडं रडली आहेत.

रिक्षात बसल्यावर लास्मिनी मान बाहेर काढून काहीतरी म्हणाली. आभारच असणार. मी हात हलवला.

३ जून, सकाळ

गॅस संपला. भात अर्धाकच्चा, गिऱ्हाईक ताटकळलेलं. सिलिंडर संपत आलाय हे जाताना सांगायला काय झालं होतं? दानांग म्हणतो, आईने सांगितलं. कधी, म्हणून विचारलं तर म्हणतो, रिक्षात. असल्या साक्षीवर काय विश्वास ठेवायचा.

५ जून, गुरुवार

किनांती नावाची पोरगी आली होती. दानांगच्या बोलण्यावरच्या उपचारांचं बघते. लास्मिनीने माझ्यासाठी मुद्दाम पाठवली. म्हणजे बोलावं कसं, हे मला शिकवायला.

तिचं ज्ञान असं. छोटी वाक्यं बोला. एका वेळी एकच गोष्ट सांगा. समोर या, तोंडाकडे बघून बोला. हाताने खुणा करा, वस्तू दाखवा. मग थांबा. त्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आणि तो मोठा माणूस आहे, मोठ्या माणसाशी बोलता तसं बोला.

यासाठी पदवी लागते म्हणे. मी तिला सांगितलं, पोरी, मी थांबलो असतो तर या गावात एकही लग्न लागलं नसतं. ती हसली. मग दानांगशी काहीतरी बोलली, तोही हसला. दोघं तोंडातल्या तोंडात बोलत होती. हल्ली सगळेच तसं बोलतात. आमच्या वेळी माणसं तोंड उघडून बोलायची.

जाताना मला म्हणाली, कान तपासून घ्या. हे मात्र बरोबर बोलली. दानांगला हाक मारावी तर तो उत्तर देत नाही, नुसते ओठ हलवतो. लास्मिनी आली की त्याचे कान तपासून घ्यायचे.

७ जून, शनिवार

पहिला धडा. ठेल्यावरच घेतला. मी म्हटलं, हे आदरणीय दानांग, आपणांस सवड असल्यास, टोपली धुऊन झाल्यावर, परंतु केळीची पानं पुसण्याआधी, त्या बाकावरच्या काकूंना चहा नेऊन द्यावा, अशी या पामराची नम्र विनंती आहे.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, आधी काय?

शेजारची बू तुमीरा भजी तळता तळता म्हणाली, अहो पाक विर्यात्मो, सगळा बाजार एकाच पिशवीत कोंबलात, तो काढणार काय आणि कसं? मग त्याला हाक मारून नुसता चहाचा पेला उचलून दाखवला आणि काकूंकडे बोट केलं. दानांगने चहा नेऊन दिला.

यात भाषा कुठे आली? असं तर माकडवालाही करतो. मी तसं म्हणून दाखवलं. बू तुमीरा काहीतरी पुटपुटली. मी दुर्लक्ष केलं.

१० जून

पद्धत बदलली. मोठ्याने आणि लाडाने. काल दिवसभर त्याला बाळा, सोन्या म्हटलं. संध्याकाळी तो आरसा घेऊन आला, हनुवटीवर हात फिरवला आणि म्हणाला, मी बाळ नाही. मला दाढी आहे.

उद्धट. वर पुन्हा 'हा पामर' न म्हणता 'मी'. वाक्य मात्र पुरं होतं. माझ्या शिकवण्याचा गुण.

रात्री बू तुमीराने भिंतीवर धपाधप हात आपटले. टीव्ही मोठा आहे म्हणे. मी दानांगच्या कानांसाठी मोठा ठेवतो, हे तिला कोण समजावणार. दानांग उशी डोक्यावर घेऊन झोपला होता.

१३ जून, शुक्रवार

आज गिऱ्हाइकांनी वैताग आणला. एकाने थंड मागितलं, मी बर्फाचा चहा दिला, तर म्हणतो अंडं मागितलं होतं. मग अंडं म्हणावं. दुसरी बाई काय म्हणाली ते तिलाच ठाऊक. मी अंदाजाने कोंबडीचे पाय वाढले, ती न खाता गेली.

दुपारनंतर दानांग माझ्या आणि गिऱ्हाइकांच्या मधे येऊन उभा राहिला. गिऱ्हाईक बोललं की तो माझ्याकडे वळतो, मनगट धरतो आणि अंडं उचलून दाखवतो. किंवा म्हणतो, भात. तिखट. बांध. नको तिथे पुढे पुढे करायची सवय. पण त्यानंतर चूक झाली नाही, कारण तोवर माझा हात बसला होता.

१६ जून, सोमवार

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. बू तुमीरा सांगते की दानांग तिच्याशी, दूधवाल्याशी, फोनवर आईशी भरभरून बोलतो. माझ्याशी मात्र एकेक शब्द. तेही समोर येऊन, डोळ्यांत डोळे घालून. मग गप्प उभा राहतो. मी हूं म्हटल्याशिवाय हलत नाही.

हा धाक. विद्वत्तेपुढे माणसाची वाचा जाते. मी तहसील कचेरीत नोकरीला होतो तेव्हा माझ्या हाताखालचे कारकूनही पुढे पुढे चिठ्ठ्याच पाठवायचे.

१९ जून

रविवारी पाक हार्योनोंच्या मुलीचं लग्न. निवेदन माझं. ठरवलं, दानांगला न्यायचं. मांडवाच्या दारात त्याने एकच वाक्य बोलायचं: आपल्या चरणस्पर्शाने हे अंगण पावन झाले. मग मी सगळ्यांना सांगणार की हा चमत्कार कोणाचा.

सकाळपासून घोकून घेतोय. तो म्हणतो, या. बसा.

मी म्हणतो, आपल्या चरणस्पर्शाने.

तो म्हणतो, या. बसा. भात आहे.

२२ जून, रविवार, रात्री

लिहायचं नव्हतं. पण लोक उलटसुलट सांगतील, म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

मांडव भरलेला. गामेलानवाले वाद्यं सरसावून बसलेले. दानांग नवा बाटिकचा सदरा घालून माझ्या शेजारी. नवरदेव यायचा होता. माइकवाला पोरगा मागून येऊन काहीतरी म्हणाला. मला 'आला' एवढं स्वच्छ ऐकू आलं. मी माइक घेतला.

मी सुरू केलं. पौर्णिमेचा चंद्र ढगांतून उतरावा तसे राजपुत्र येत आहेत, पावलं कशी, तर वाळूवर हंस चालावा तशी. वाद्यं सुरू झाली. सगळे उठून उभे राहिले. मुलींनी फुलं उधळली. दारातून बर्फवाला आत आला. खांद्यावर लादी, अंगावर ओला बनियन. मी चष्मा लावला नव्हता. मी त्याच्या रुंद खांद्यांचं वर्णन केलं. त्याच्या भाळावरच्या तेजाचं केलं. तो घाम होता, हे नंतर कळलं.

माइकवाला मागून ओरडत असावा. पाक हार्योनो हात हलवत होते, ते मला प्रोत्साहन वाटलं. शेवटी दानांग उठला, माझ्या अगदी समोर आला, माझ्या छातीवर हात ठेवला आणि थांबला. मी गप्प झालो. तेव्हा म्हणाला, नाही आला. बर्फ.

नवरदेव रेल्वेच्या फाटकात अडकला होता.

पोरगा म्हणतो, 'अजून नाही आला' असं मी सांगितलं होतं. मग 'नाही' नीट म्हणायला नको? आजच्या पिढीची सगळी वाक्यं अशीच अर्धवट.

खरा नवरा आला तेव्हा माइक हार्योनोंच्या मेव्हण्याकडे होता. तो म्हणाला, या, बसा. दोन शब्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना हल्ली काहीही चालतं.

२३ जून

पुढच्या दोन्ही लग्नांच्या घरून फोन आले. दानांगने घेतले. मला समोर येऊन सांगितलं, नको म्हणाले. मग बराच वेळ तिथेच उभा राहिला. मी हूं म्हटलं. तरी गेला नाही. माझ्यासाठी चहा करून आणला, साखर जास्त घालून.

आता विश्रांती मिळेल. दगदग फार झाली होती.

२८ जून, शनिवार

लास्मिनी परतली. नातू झाला. तिला मी शांतपणे सांगितलं की प्रयोग अर्धवट राहिला. दोष दानांगच्या कानांत आहे, सोमवारी तपासायला नेऊ. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग दानांगकडे बघितलं. म्हणाली, दादा, जाऊ या, दोघांचेही तपासू. मी म्हटलं, माझे कशाला? ती म्हणाली, त्याला सोबत होईल.

हे ठीक. त्याला धीर येईल.

३० जून, सोमवार

कान तपासायची खोली काचेची. आवाज आला की बटण दाबायचं. आधी दानांग. त्याने टकाटक दाबलं. त्याच्या डाव्या कानात मळ होता, काढला. बाकी उत्तम.

मग मी. तो तंत्रज्ञ पोरगा यंत्र चालू करायला विसरला. मी आत ताठ बसून राहिलो. बराच वेळ गेला. काहीच नाही. शेवटी एकदा बारीक टीं झालं, मी दाबलं. बाहेर आल्यावर सांगितलं, तुमचं यंत्र बिघडलं आहे.

पोरगा बोलू लागला. त्याचे ओठ हलत होते. लास्मिनीने तोंडाला ओढणी लावली. मी विचारलं, काय म्हणतो?

दानांग माझ्यासमोर आला. मनगट धरलं. माझ्या कानाला हात लावला, मग दुसऱ्या. म्हणाला, पाकदे, ऐकू नाही. खूप दिवस.

मी म्हटलं, कोणाला?

तो थांबला. मी समजेपर्यंत थांबला.

१ जुलै

लास्मिनी म्हणते, घरात सगळ्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे. सांगायची हिंमत कोणाची झाली नाही. किनांतीने सांगून पाहिलं, मी ते दानांगवर ढकललं. लास्मिनी म्हणाली, दानांगशी कसं बोलायचं हे आम्ही किनांतीकडून शिकलो, तेच तो महिनाभर तुझ्यावर वापरत होता.

लास्मिनीचा स्वभावच लेकाच्या बढाया मारायचा.

४ जुलै, शुक्रवार

दोन्ही कानांत यंत्रं बसवली. फ्रिज गुरगुरतो हे नव्याने कळलं. माझ्या चपला फटफटतात. मी बोललो आणि दचकलो. घरात कोणीतरी भांडतंय असं वाटलं.

ठेल्यामागच्या पडद्याआड केळीची पानं पुसत बसलो होतो. बाहेर दानांग गिऱ्हाइकं करत होता. आणि मी ऐकलं. अस्खलित. आपणांस सवड असल्यास, या पामराची नम्र विनंती, हंस, पौर्णिमा, सगळं. माझा हेल, माझं खाकरणं, वाक्याच्या मधे मी श्वास घेतो तोसुद्धा. महिनाभरात माणसाने दरबारी जावानी आत्मसात केली होती. माझा आनंद गगनात मावेना.

मग हशा ऐकू आला. बू तुमीराचा सगळ्यांत मोठा. एक बाई म्हणाली, दानांग, अजून एकदा कर ना रे. तो म्हणाला, आता बास, पाकदे आत आहेत, त्यांना वाईट वाटेल. एकजण म्हणाला, त्यांना कुठे ऐकू येतंय. तो म्हणाला, आजपासून येतं.

बाहेर बू तुमीराची कढई तेवढी चुरचुरत राहिली.

यंत्रं काढून डबीत ठेवली. बॅटरी जपून वापरायला हवी.