मेण आणि चरबी, निम्मंनिम्मं

प्रिय डॉर्सी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच शेगडीत सारशील, म्हणून आधीच सांगते, थांब. फोन मी केले होते, तू उचलले नाहीस. उचलला असतास तरी तू नुसता हं-हं करत बसला असतास आणि मी आपली बोलत सुटले असते. कागदाचं बरं असतं. तुला मध्ये तोंड घालता येत नाही आणि मलाही भलतंच काही ऐकू येत नाही. तुझ्या अंगणात घर विकायची पाटी लागलेली मी पाहिली. चर्चच्या जेवणात तुझा दोस्त ओकी म्हणाला, नाताळ झाला की तू लेकीकडे फ्लोरिडाला चाललास, ते कायमचाच. अरे, तिथं ना डोंगर, ना हरणं, ना थंडी. करणार काय तू तिथं, मगरींना शिकारीच्या गोष्टी सांगणार? जाऊ नकोस, असं मला म्हणायचंय. पण असं एकदम म्हणून टाकायला मला जमत नाही, तेव्हा आधी वंगणाचं बोलते.

ऑक्टोबरात क्लबच्या नेमबाजीला तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं तडकाफडकी उत्तर देऊन मोकळी झाले होते. आठवतंय ना? न आठवायला काय झालंय म्हणा. मी माझ्या बाकावर नव्या वंगणाची डबी उघडून बसले होते. मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी, निम्मंनिम्मं. बोटानं गोळ्यांच्या खाचांत भरत होते. तू तुझी ठासणीची बंदूक घेऊन शेजारी येऊन उभा राहिलास, आणि नेहमीसारखी गालात चिंधी. साऱ्या जगानं चिंध्यांना वंगण लावायला घेऊन जमाना झाला, तू मात्र अजून थुंकीवर भागवतोस. गोल गोळीभोवतीची ती कापडाची चकती गालात भिजत ठेवायची आणि वर माणसांशी गप्पाही मारायच्या! तर तू डबीकडे बघत म्हणालास, "अर्व्हिला, काय वाटतं तुला, दोन्हींचं जमेल का?"

मी मान वर न करता म्हणाले, "छे, नाही जमायचं. उन्हाळ्यात ठीक आहे, थंडी पडली की नुसता दगड होतो. आणि खरं सांगू का डॉर्सी, या वयात नवी लफडी हवीत कशाला? माझं जुनंच बरं आहे."  तू गज घेऊन गोळी ठासलीस, नेम धरलास, आणि तुझी गोळी निशाणच काय, अख्खी फळी सोडून मागच्या मातीत गेली. तू! फांदीवरचं अक्रोड पाडणारा माणूस. मी वर टोमणाही मारला, "काय रे, चिंधी गिळलीस की काय?" तू टोपी सारखी केलीस आणि सामान आवरून निघालास. ओकी तुझ्याच गाडीतून आला होता, तो बिचारा अर्धा खाल्लेला पेपरोनी रोल हातात घेऊन तुझ्यामागे धावला. त्यानंतर तू क्लबला आला नाहीस.

मला वाटलं, नेम चुकला म्हणून फुगलास. पुरुषांचं काही सांगता येत नाही. पण तुझा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आपण तपासून न बघता "जमायचं नाही" म्हटलं, हे मला टोचत राहिलं. म्हणून मी गोळ्या ओतायला घेतल्या. छपराच्या जुन्या पत्र्यांतलं नरम शिसं, साचा तोच, माझ्या व्हर्नचा. आणि थंडी पडल्यापासून स्वयंपाकघराची पार प्रयोगशाळा करून टाकली. तेवढ्यात जावईबापू आले मदतीला! ट्रेव्हर म्हणे, "आई, हे चरबीबिरबीचं सोडा हो आता, हल्ली गोळ्यांना रंगाची भुकटी लावून भट्टीत भाजतात, हातसुद्धा खराब होत नाहीत." आणि मी दुकानात गेले असताना त्यानं माझ्या ओव्हनमध्ये गोळ्या भाजल्या. माझ्या ओव्हनमध्ये, डॉर्सी! ज्यात मी ॲपल पाय भाजते, त्यात शिसं! इतकी बोलले त्याला की त्यानं दुसऱ्याच दिवशी नवा ओव्हन आणून बसवला. गोळ्या मात्र दिसायला लालचुटुक, गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात ठेवाव्यात अशा. पण तो थर चढल्यावर गोळी अंगानं अशी फुगली की नळीच्या तोंडातून आत जाईना. ट्रेव्हरनं जोर करून ठोकली तर अर्ध्यात अडकून बसली. ओकीनं स्क्रू लावून ती ओढून काढली आणि म्हणाला, "जावईबापू, ही फटफट उडणारी आधुनिक बंदूक नव्हे, ही म्हातारी आहे, तिच्या कलानं घ्यावं लागतं."

मग मी काही गोळ्या कागदात गुंडाळून पाहिल्या, काही निम्मंनिम्मं माखून, काही नुसत्या मेणात बुडवून, काही नुसत्या चरबीत. रात्रभर थंडीत राहाव्यात म्हणून व्हरांड्याच्या कठड्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. सकाळी बघते तर चरबीच्या गोळ्या चकचकीत! रॅकून येऊन चाटूनपुसून गेला होता. त्याला शिसं बाधलं नसेल अशी आशा आहे, कारण दुसऱ्या दिवशी तोच कठड्यावर बसून माझ्याकडे असा बघत होता की आज काही आहे का. आता गोळ्यांवर बादली पालथी घालते आणि वर दगड ठेवते.

आणि खरंच सांगते, निम्मंनिम्मं थंडीत दगड होतं, ते माझं चुकलं नव्हतं. बोटानं दाबलं तर नख मोडतं. नुसतं मेण चिरा पडून सुटतं. नुसती चरबी कोटाच्या खिशात वितळून अस्तराला लागते. हे करता करता मला व्हर्नचं एक बोलणं आठवलं. लग्न होऊन मी नवीन होते तेव्हा त्याला विचारलं होतं, गोळी तर एका क्षणात निघून जाते, तिला इतकं माखायचं कशाला? तो म्हणाला होता, वंगण त्या गोळीसाठी नसतंच मुळी. बार उडाला की नळीत काजळी राहते, ती वाळून घट्ट झाली तर पुढची गोळी आत जात नाही. काजळी नरम राहावी म्हणून वंगण. इतकी वर्षं मी हे येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवत आले, पण स्वतःच्या घरात मात्र त्याचा अर्थ मला कळला नाही. व्हर्न गेला आणि मी सगळं जसंच्या तसं ठेवलं. त्याची वंगणाची डबीसुद्धा खिडकीतच. "माझं जुनंच बरं" हे मी सगळ्यांना म्हणायचे, रंगाऱ्याला, पाद्रीबाबांना, लेकीला. ते खरं नव्हतं. मला एकटीला त्या घरात करमत नाही, डॉर्सी. तुझी जुनेटा गेल्यावर तुलाही करमत नसणार, नाहीतर हरणाचं मांस द्यायच्या निमित्तानं दर आठवड्याला कोण एवढी टेकडी चढून येतं? तेही शिकारीचा मोसम नसताना!

तर ऐक. मेण कमी करायचं, चरबी वाढवायची आणि वर ऑलिव्ह तेलाची धार सोडायची. मंद आचेवर, ढवळत. गेल्या आठवड्यात गवतावर पांढरं दहिवर साचलं होतं, त्या सकाळी बादलीखालून गोळ्या काढल्या. वंगण बोटाला लोण्यासारखं लागलं. मागच्या कुरणात जाऊन बारावर बार काढले, मध्ये नळी पुसलीसुद्धा नाही. प्रत्येक गोळी गजाच्या नुसत्या वजनानं आत उतरली. मी एकटीच तिथं उभी राहून मोठ्यानं हसले. शेजारच्या गायी बघत होत्या.

आता ओकीचं. काल तो चर्चच्या जेवणात माझ्या ताटात बकव्हीटच्या पिठाची धिरडी वाढताना म्हणाला, "अर्व्हिला, तू त्याला नाही म्हणालीस ते म्हणालीस, पण दगड कशाला म्हणायचं गं बाई?" मी म्हटलं, कुणाला दगड म्हटलं? तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. की तू त्या दिवशी गाडीत सबंध रस्ताभर ते वाक्य पाठ करत होतास. की मैदानावर उतरल्यावर सवयीनं तू चिंधी गालात कोंबलीस. की तू "दोन्हींचं" म्हणालाच नव्हतास, "दोघांचं" म्हणाला होतास. आपल्या दोघांचं. कपाळ माझं! हातातलं ताट मी खाली ठेवलं आणि तिथंच रडले, आणि मग इतकी हसले की पाद्रीबाबा पाणी घेऊन आले. मेल्या, बाईला आयुष्याचं विचारायचं ते तोंडात फडकं घालून? आणि मी तुला चरबीचं उत्तर दिलं! तर तुझ्या खऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला हे पत्र लिहिलंय. जमेल. दोघांचं अगदी छान जमेल. थंडीत जरा नरम ठेवावं लागेल, तेवढं मी शिकले आहे. व्हर्नची डबी मी घासून लख्ख केली आणि नवं वंगण तिच्यातच भरलं. सोमवारी मोसम उघडतोय. रविवारी दुपारी जेवायला ये. आणि येताना अंगणातली ती पाटी उपटून आण, निशाण लावायला मला एक बरी फळी हवीच आहे.

आणि खालचा शब्द घाईत ओलांडू नकोस, पहिल्यांदाच लिहितेय.

तुझीच,
अर्व्हिला

ता. क. तोच प्रश्न मला पुन्हा विचारायचा आहेस. दारातच. आधी चिंधी थुंकून.