रविवारची एक रिंग

दहिवली, कर्जत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय अनुपमदादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. हे पत्र शेजारच्या मुनाफभाईंची मुलगी इल्मा घेऊन येतेय. ती उद्या निघते, रविवारी टोरांटोत पोचेल. तिचं कॉलेज तुझ्याच भागात आहे. मेसेज चार वेळा लिहिला आणि पुसला. फोनवर तू "बोल पटकन, मीटिंग आहे" म्हणतोस आणि मी हवापाण्यावर येते.

इल्मा परवा माझ्या रिचार्जच्या दुकानात आली, तिकडचं सिम कोणतं घेऊ विचारायला. मी तिला सगळं काढून दिलं. आपल्याकडे आधी पैसे भरा मग बोला, आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा. तिकडे महिना पुऱ्या महिन्याचा, पण बिलावर कर वेगळा. तिचा मामा दुबईत असतो, तिथलेही दर पाहिले. मग तुझा प्लॅन पाहिला. भारतात बोलायची हजार मिनिटं त्यातच आहेत.

इल्मा म्हणाली, "ताई, म्हणजे अनुपमदादांना इकडं फोन लावायला वेगळा पैसाच लागत नाय?" मी म्हटलं, चहा घेणार का?

आत्ता लिहिता लिहिता दत्ता रिचार्जला आला, त्याला वाटेला लावला. कुठे होते मी? हां. बाबांचा आवाज बसलाय, तो अजून सुटलेला नाही.

तुला वाटत असेल, बाबा दर रविवारी एक रिंग देतात की. बाबा भिवपुरीच्या वीजकेंद्रात पाळीला जायचे तेव्हाची आपली रीत : एक रिंग म्हणजे सगळं ठीक, उलट फोन नको. तू ती पाळलीस. मार्चपासून बाबांना एकदाही फोन केला नाहीस. तुझा दोष नाही रे. ती एक रिंग द्यायला त्यांना मी लावलं.

मी त्यांना सांगितलं की फोन तू केलास काय, आपण केला काय, पैसे तुलाच पडतात, आणि तेही मिनिटावर. दुकानवाली मी, त्यांनी विश्वास ठेवला. "त्याला भुर्दंड नको गं," एवढंच म्हणाले.

मार्चमध्ये तू त्यांना म्हणालास, ऋजुताला दुकान बंद करायला सांगा, रिचार्ज आता लोक घरबसल्या मारतात. पुढे आठ दिवस बाबा तेच घोकत होते. औषधं मी बघायची, पेज मी करायची, आणि खरं काय, तर अनुपम म्हणाला ते! मला राग आला. अजून येतो. थोडे दिवस त्यांनी फक्त माझ्याशी बोलावं असं वाटलं. लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं.

गेल्या रविवारी वाळलेले कपडे घेऊन आत गेले. बाबांनी रिंग देऊन फोन कट केला होता, तरी कानाला धरून बसले होते. "बरा आहे रे मी. तू जेवलास का?" असं त्या बंद फोनमध्ये बोलत होते. मला पाहिलं आणि घाईघाईने फोन खिशात टाकला.

दादा, घशात गाठ आहे. कॅन्सरची. गुरुवारी, वीस तारखेला, पनवेलला ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. "त्याला कळवू नकोस, उगाच विमानाला पैसे घालील," म्हणून मला शपथ घातली होती. ती मोडली. प्लॅनचं खोटं त्यांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी सांगणार आहे. रागावले तर रागावू देत, आवाज आहे तोवर रागवावं त्यांनी.

पत्र मिळालं की लगेच फोन कर. त्यांच्या बटणांच्या फोनवर कर. माझ्या व्हॉट्सॲपवर मी शेजारी बसून ऐकते, ते त्यांना आवडत नाही. तुझा फोन आला की मी अंगणात जाऊन उभी राहीन. काय बोललात ते विचारणार नाही.

बुधवारपर्यंतच बोलता येईल त्यांना.

तुझी खोटारडी बहीण,
ऋजुता