बोरामच्या ओठातला फुगा

बोरामची आई,

मी कामाच्या पाळीला निघतोय. फ्रिजमध्ये बोरामची पेज आहे, ती कोमट करून दे. आणि किमचीचा तिखट कोबी आज पाण्यात धुऊन दे, नाहीतर ओठाला झोंबेल.

ओठातला तो निळसर फुगा परत आलाय. गेल्या आठवड्यात माझ्या आईने तो सुईने टोचला होता ना! पोट बिघडलं तरी अंगठ्याला सुई टोचणारी बाई ती, माझं कुठे ऐकणार? चिकट पाणी निघालं, फुगा गेला, आई खूश. आज बघतो तर तिथेच, आणखी टम्म.

म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ओठ चावून लाळेची बारीक ग्रंथी फुटलीये, लाळ आत साठते. घाबरू नका, काढता येईल. पण चावणं थांबलं नाही तर पुन्हा होईल. कधी चावते ही?"

मी म्हटलं, टीव्ही बघताना. तर आपली पोर म्हणते कशी, "नाही काही! आई-बाबा स्वयंपाकघरात हळू बोलतात ना, तेव्हा."

आता सांग! तिला ऐकू जाऊ नये म्हणूनच तर माझ्या उल्सान शहरातल्या बदलीवरून आपण हळू भांडतो. मग काय, मोठ्याने भांडायचं? की बोलायचंच नाही? म्हणून आज तुझ्याशी बोलायला थांबत नाही, लिहून ठेवतोय.

पण ती दारात उभी राहून मला लिहिताना बघतेय, आणि ओठ पुन्हा दातांखाली गेलाय.